पत्रावळी किती, माणसे किती?

गावच्या उत्सवात महाप्रसादाची शेवटची पंगत उठली, की कोठीवर बसलेला कारभारी हिशेबाला लागतो, आणि त्याच्या वहीतील पहिले कलम असते ते पत्रावळींचे. तीन दिवसांत मिळून बाराशे पत्रावळी मोजून दिल्या, एकही परत आली नाही, सबब बाराशे माणसे जेवली, असे तो लिहितो आणि निःशंक मनाने वही मिटतो. परंतु कमरेला उपरणे आवळून ज्याने तिन्ही दिवस भात वाढला त्या वाढप्याला विचारावे, तर तो हसून सांगतो की वरच्या आळीतील पोरे एकाही पंगतीला चुकली नाहीत, देवळाशेजारची काही मंडळी दोनदा बसली, आणि ओढ्यापलीकडच्या वाडीत तर आमंत्रणच गेले नाही. कारभाऱ्याचा आकडा खोटा नसतो. बाराशे पत्रावळी खरोखरच लागलेल्या असतात. त्याने मोजल्या पत्रावळी आणि समजला मात्र माणसे मोजली, एवढाच काय तो घोटाळा. जाहिरात किती लोकांनी पाहिली हे ठरविण्यासाठी गेली शंभर वर्षे जी शास्त्रे, यंत्रे आणि सूत्रे निघाली, ती सर्व या एका घोटाळ्यातून वाट काढण्याच्या खटपटीतून निघाली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

जाहिरातीच्या व्यवसायात या दोन मोजण्यांना दोन स्वतंत्र नावे आहेत. ठरावीक मुदतीत एखादी जाहिरात किमान एकदा तरी ज्यांच्यासमोर आली त्या निरनिराळ्या माणसांची संख्या म्हणजे तिची पोहोच, व्यवसायातल्या बोलीत रीच; आणि ज्यांच्यासमोर ती आली त्यांच्या वाट्याला सरासरीने ती किती वेळा आली, ती तिची वारंवारता, म्हणजेच फ्रिक्वेन्सी. या दोहोंचा गुणाकार केला की कारभाऱ्याच्या पत्रावळी हाती येतात. पोहोच शेकडेवारीत घेऊन केलेल्या त्याच गुणाकाराला जी.आर.पी. म्हणतात, आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या मोहिमा आखताना व त्यांचा जमाखर्च मांडताना बोलणे चालते ते बहुधा याच मापात.

हे माप सोयीचे आहे खरे, पण ते किती गोष्टी पोटात दडवते हे आपल्याच गावावरून पाहता येईल. गावात जाणती माणसे एक हजार आहेत आणि रोज चारशे पाने याप्रमाणे तीन दिवस पंगत बसली, असे धरू. तिन्ही दिवस तीच चारशे माणसे आली असतील, तर पोहोच ४०० आणि वारंवारता ३. आधी न जेवलेल्यालाच पुढे बसवावयाचे असा दंडक पाळला असेल, तर तिसऱ्या दिवशी गाव संपून काहींना दुसऱ्यांदा बसवावे लागेल. पोहोच १,००० आणि वारंवारता १.२. आणि रोज कोण येतो हे केवळ योगायोगावर सोडले असेल, तर संभाव्यतेच्या साध्या नियमाने २१६ माणसे अजिबात न जेवता राहतील, ४३२ एकदा, २८८ दोनदा आणि ६४ तीनदा जेवतील. म्हणजे पोहोच ७८४ आणि वारंवारता सुमारे दीड. तिन्ही प्रकारांत पत्रावळी बाराशेच, जी.आर.पी. १२०च, आणि खर्चही तितकाच. गावाचे चित्र मात्र तीन तऱ्हांचे. त्यातही तिसऱ्या प्रकारातील ती दीडाची सरासरी मोठी फसवी आहे, कारण दीड वेळा जेवलेला मनुष्य त्या गावात कोठेही सापडणार नाही. सापडतील ते एकदा जेवलेले, पुन्हा पुन्हा जेवलेले आणि दोनशे सोळा उपाशी. आणि ज्याला आपला माल सर्व गावाला विकावयाचा आहे त्याचे लक्ष सरासरीपेक्षा या उपाशी लोकांवर असले पाहिजे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल, की पोहोच काढण्याची खरी अडचण मोजण्याची नसून ओळखण्याची आहे. आज पंगतीत बसलेला हा इसम कालचाच की दुसरा, हे ज्याला सांगता येईल त्यालाच पोहोच सांगता येईल. कारभाऱ्यापाशी वही असते, पण चेहरे नसतात. वाढप्यापाशी चेहरे असतात. जाहिरातदाराला जन्मभर गाठ पडते ती कारभाऱ्यांशी, आणि शोध असतो वाढप्याचा.

मुद्रित जाहिरातीच्या काळात पहिला कारभारी होता वृत्तपत्राचा खप. आपल्या पत्राच्या इतक्या प्रती खपतात असे मालकाने सांगावे आणि जाहिरातदाराने ते मुकाट्याने मानावे, हा शिरस्ता मोडण्यासाठी अमेरिकेत १९१४ साली व आपल्याकडे १९४८ साली ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था निघाली, आणि छापलेल्या, विकलेल्या व परत आलेल्या प्रतींची दप्तरतपासणी होऊन खपाला दाखला मिळू लागला. परंतु प्रत म्हणजे वाचक नव्हे. न्हाव्याच्या दुकानातील, ग्रामपंचायतीच्या ओट्यावरील किंवा सार्वजनिक वाचनालयातील एकच अंक दिवसभरात कितीजणांच्या हाताखालून जातो हे कोणत्याही दप्तरात नमूद नसते. आणि ज्या घरात तीन दैनिके येतात तेथे एकाच मनुष्याच्या तीन प्रती होतात. म्हणून घरोघर जाऊन विचारण्याचा मार्ग पत्करावा लागला, आणि १९७० साली भारतात पहिली राष्ट्रीय वाचक पाहणी झाली.

विचारून काढलेल्या आकड्यालाही पाय घसरण्याची जागा असतेच. २०१३ सालच्या भारतीय वाचक सर्वेक्षणाचा अहवाल २०१४च्या जानेवारीत बाहेर आला, तेव्हा अनेक वृत्तपत्रसमूहांनी एकत्र येऊन त्यावर हरकत घेतली, आणि त्यांच्या संयुक्त निवेदनातील एक उदाहरण आपल्या नागपूरचे होते. तेथील 'हितवाद' या इंग्रजी दैनिकाचा प्रमाणित खप साठ हजारांवर असताना अहवालाप्रमाणे त्याला एकही वाचक नव्हता. साठ हजार प्रती रोज पहाटे नागपुरात घरोघर पडतात आणि कोणीच वाचीत नाही, ही कल्पना एखाद्या विनोदी लेखकालाही सुचली नसती. पण तिच्यातून शिकण्यासारखे इतकेच, की खपाचा आकडा आणि वाचकांचा आकडा हे दोन साक्षीदार आहेत. त्यांच्या जबान्या थोड्या जुळल्या नाहीत तर नवल नाही, पण दोन्ही जबान्या एकाच वेळी खऱ्या असूच शकत नाहीत अशी पाळी आली, की कोणत्याही निकालापूर्वी उलटतपासणी झालीच पाहिजे.

यापुढचा प्रश्न गणिताचा आहे. जाहिरात एकाच पत्रात न देता अनेक पत्रांत दिली, तर सामाईक वाचक वजा करावे लागतात. दोन पत्रांचे हे काम सोपे आहे. दहा पत्रे घेतली की त्यांच्या जोड्याच ४५ होतात आणि त्रिकुटे १२०, आणि त्या प्रत्येकाचे सामाईक वाचक शोधीत बसणे हे संगणक दुर्मिळ असलेल्या काळात कोणालाच परवडणारे नव्हते. अशा वेळी १९६१ साली ॲगोस्तिनी नावाच्या फ्रेंच संशोधकाने केवळ जोड्यांच्या सामाईक वाचकांवरून एकूण पोहोचीचा अजमास करण्याची एक युक्ती प्रसिद्ध केली. सर्व जोड्यांच्या सामाईक वाचकांची बेरीज घ्यावी, तिला सर्व पत्रांच्या वाचकांच्या बेरजेने भागावे, आलेल्या भागाकाराला १.१२५ने गुणून त्यात एक मिळवावा, आणि वाचकांच्या बेरजेला या संख्येने भागावे, की झाली पोहोच. समजा, एका शहरात तीन पत्रांचे वाचक अनुक्रमे ४००, ३०० आणि २०० आहेत, आणि त्यांच्या तीन जोड्यांचे सामाईक वाचक १००, ६० आणि ४०. पहिली बेरीज ९००, दुसरी २००. भागाकार करून १.१२५ने गुणले की येतात ०.२५, त्यात एक मिळविला की सव्वा, आणि ९००ला सव्वाने भागले की ७२०. तिन्ही पत्रे वाचणारी वीस माणसे त्या शहरात असतील तर खरा आकडाही नेमका ७२०च भरतो. सूत्र दर वेळी इतके तंतोतंत उतरेल अशी हमी नाही, कारण १.१२५ हा गुणक निसर्गाने दिलेला नसून फ्रेंच वाचकांच्या पाहणीतून अनुभवाने काढलेला आहे. तथापि चेहरे ठाऊक नसताना चेहऱ्यांची संख्या सांगण्याचा हा प्रयत्न कौतुकास्पद होता यात संशय नाही.

नभोवाणी आली, आणि कारभाऱ्याच्या हातच्या पत्रावळीही गेल्या. कारण कागदाची प्रत निदान मोजता येते, वाऱ्यावर गेलेला आवाज कोणी ऐकला हे कोणास ठाऊक! अमेरिकेत १९३० साली आर्चिबाल्ड क्रॉसली यांनी लोकांना दूरध्वनी करून आदल्या दिवशी काय ऐकले हे विचारण्यास आरंभ केला. पण स्मरणशक्ती ही लबाड नोकरासारखी असते, मालकाला जे आवडेल तेच ती सांगते. पुढे हूपर यांनी या क्षणी काय ऐकता आहात असे विचारण्याची प्रथा रूढ केली, आणि १९४२ साली नील्सन यांनी नभोवाणीसंचालाच जोडावयाचे ऑडिमीटर हे यंत्र व्यवहारात आणून माणसाला विचारण्याची गरजच काढून टाकली. इकडे रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाले'च्या लोकप्रियतेचा पडताळा श्रोत्यांच्या पत्रांच्या गठ्ठ्यांवरून घेतला जाई; परंतु पत्र लिहिणारा उत्साही श्रोता आणि स्वयंपाक करता करता ऐकणारी, आयुष्यात कोणालाही पत्र न लिहिलेली गृहिणी यांचे प्रमाण त्या गठ्ठ्यांतून कसे कळावे? १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीच्या मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या, १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवरही त्या आल्या, आणि मग हा प्रश्न आपल्याकडच्या जाहिरातदारांनाही प्रत्यक्ष रुपये-आण्यांत भेडसावू लागला.

लोकसंख्या मोजण्याच्या कामाला आपल्या भाषेत दोन जुने शब्द आहेत, आणि ते दोन्ही येथे अगदी चपखल बसतात. एक खानेसुमारी, म्हणजे घरांची मोजदाद. दुसरा शिरगणती, म्हणजे डोक्यांची. संचाला जोडलेले जुने यंत्र खानेसुमारी करी: या घरात अमुक वाहिनी चालू होती, एवढेच त्याला कळे, समोर आजोबा होते, नात होती, की कोणी नसताना संच नुसताच बडबडत होता, हे त्याला कळत नसे. म्हणून पुढे पीपल मीटर निघाले, ज्यात घरातील प्रत्येकाच्या नावाचे एक बटण असते आणि पाहावयास बसताना व उठताना ते दाबावयाचे असते. भारतात २०१५ पासून बार्क या संस्थेकडून प्रेक्षकमापनाचे आकडे येतात. वाहिनीच्या ध्वनीत मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण तिची यंत्रे टिपतात, आणि आरंभी वीस हजारांच्या आसपास असलेली निवडक घरे पुढे वाढत पन्नास हजारांवर गेली आहेत. यंत्राने शिरगणती साधली खरी. पण तिचा पाया अखेर बटण दाबण्याच्या मानवी सवयीवरच उभा राहिला, आणि फोडणीचा वास येताच उठून गेलेली गृहिणी ते बटण आठवणीने दाबील, हे कोणी सांगावे?

शिवाय हा सारा नमुना आहे. शितावरून भाताची परीक्षा. शिते पुरेशी घेतली आणि भांड्याच्या सर्व भागांतून घेतली, तर ती परीक्षा निर्दोष असते. पण एखाद्या शहरातील हजार माणसांच्या नमुन्यात एका कार्यक्रमाला १ टक्का प्रेक्षक मिळाले, याचा अर्थ प्रत्यक्षात दहा माणसांनी तो पाहिला, आणि निव्वळ योगायोगाने ती दहाची संख्या चार किंवा सोळाही होऊ शकते. आठवड्याच्या आकड्यांत एकाचे दीड टक्के झाले म्हणून पेढे वाटणारा आणि दीडाचा एक झाला म्हणून डोक्याला हात लावून बसणारा, असे दोघेही पुष्कळदा या योगायोगाचेच यजमान असतात. नमुना लहान असल्याचा आणखी एक धोका असा, की त्याला हात लावणे स्वस्त पडते. २००१ साली मुंबईतील यंत्र बसविलेल्या घरांची गुप्त यादी फुटली होती. आणि २०२० साली मुंबई पोलिसांनी काही घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवावयास लावल्याच्या आरोपावरून तपास आरंभला, तेव्हा वृत्तवाहिन्यांचे आकडे त्या ऑक्टोबरपासून थांबविण्यात आले, ते २०२२च्या मार्चमध्ये पुन्हा सुरू झाले. एका घराच्या मागे हजारो घरांचे वजन असते, तेथे त्या एका घराचा मोह हजारो घरांचा मोह म्हणून वहीत चढतो.

येथवर पोहोचीचा विचार झाला, आता वारंवारतेचा. पंगतीत यजमान जिलबीचे ताट घेऊन फिरतो तेव्हा पहिल्या वेळी पाहुणा संकोचाने नको म्हणतो, दुसऱ्या आग्रहाला मान हलते, तिसऱ्याला जिलबी पानात पडते, आणि त्यानंतरचा आग्रह त्याला शिक्षा वाटू लागतो. जाहिरातीचा आग्रह कितव्या वेळी फळाला येतो? झिल्स्की नामक अमेरिकन संशोधकाने १९५९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्त्रियांच्या एका गटाला एकाच मोहिमेच्या तेरा जाहिराती आठवड्याला एक याप्रमाणे, आणि दुसऱ्या गटाला त्याच तेरा जाहिराती चार आठवड्यांनी एक याप्रमाणे वर्षभर पाठविल्या. पहिल्या गटात तेराव्या जाहिरातीअखेर शेकडा ६३ जणींना त्या आठवत होत्या. पण पाठविणे बंद पडताच विस्मरण झपाट्याने सुरू झाले. दुसऱ्या गटात आठवणीने ४८ टक्क्यांपलीकडे मजल मारली नाही, परंतु ती तेथवर वर्षाच्या शेवटी, हळूहळू चढत गेली. एकाच पावसाचे पाणी धो धो पडून ओढ्याने वाहून गेले, की रिमझिम पडून जमिनीत मुरले, यासारखाच हा भेद होय. आणि सण तोंडावर असलेल्या दुकानदाराने पहिला, तर बारमाही विकल्या जाणाऱ्या साबणाच्या कारखानदाराने दुसरा मार्ग धरावा, हे त्यातून उघडच निघते.

पुढे १९७२ साली हर्बर्ट क्रुगमन यांनी तीन दर्शने पुरेशी असू शकतात असे प्रतिपादन केले. पहिल्या दर्शनी मनात प्रश्न उठतो, हे आहे तरी काय. दुसऱ्या दर्शनी, याचे मला काय. आणि तिसरे दर्शन म्हणजे आठवण, व त्यापुढची सारी दर्शने त्या तिसऱ्याचीच पुनरावृत्ती. हे तीन टप्पे मनाचे होते. एखादी जाहिरात डोळ्यांपुढून वीस वेळा जाऊनही मनाने पहिला प्रश्न विचारलेला नसेल, हे क्रुगमन यांना पक्के ठाऊक होते. पण व्यवहारी जगाला आकडा हवा असतो, मर्म नको असते. आणि तीन टप्प्यांचे तीन वेळा दाखविणे होऊन 'किमान तीनदा' हा जणू धर्मशास्त्राचा दंडक बनला. १९९५ साली जॉन फिलिप जोन्स यांनी, घराने पाहिलेल्या जाहिराती आणि त्याच घराने केलेली खरेदी शेजारी शेजारी मांडून, खरेदीपूर्वीच्या आठवड्यातील एकच जाहिरात पुष्कळ काम करून जाते असे दाखविले, आणि दंडक ढिला झाला. नव्या, अनोळखी वस्तूला अधिक आग्रह लागेल आणि घरोघर रुळलेल्या नावाला वेळेवरची एक हाक पुरेल, असा तारतम्याचा निर्णयच येथे शहाणपणाचा. मात्र त्या निर्णयालाही आपल्या गावचा तो तपशील विसरून चालणार नाही: बाराशे पत्रावळी खर्चूनही तीनदा जेवलेली माणसे चौसष्टच होती. 'किमान तीनदा' म्हणणाऱ्याने हजारात चौसष्टांसाठी पैसे मोजले, आणि दोनशे सोळांना उपाशी ठेवले.

संगणकाच्या जाळ्यावर जाहिराती आल्या तेव्हा अखेर वाढपी भेटला असे सर्वांना वाटले. प्रत्येक पाहणाऱ्याच्या यंत्रावर कुकी नावाची एक बारीक खूण ठेवावयाची, पुन्हा आला की ती ओळखावयाची, आणि एकाला चारदा दाखविली की पाचव्यांदा दाखवावयाचीच नाही, अशी तजवीज आता करता येऊ लागली. परंतु ही खूण यंत्राची, माणसाची नव्हे. हातातला फोन, कचेरीतील संगणक आणि घरचा संच वापरणारा एकच कारकून येथे तीन माणसे होतो. आणि एका फोनवर चौघे जेथे पाहतात ते कुटुंब एकच मनुष्य ठरते. पाहणे म्हणजे काय, हेही ठरवावेच लागले: चित्राचा निम्मा भाग पडद्यावर एक सेकंद, आणि चलच्चित्राचा दोन सेकंद दिसला की ते 'दिसण्याजोगे' समजावे, असे अमेरिकेतील मापन परिषदेचे प्रमाण आहे, डोळे तिकडे होते की नव्हते, याबद्दल ते मौन पाळते. २०१७ साली एका विश्लेषकाने असे निदर्शनास आणले, की अमेरिकेतील १८ ते २४ वर्षांच्या ४ कोटी १० लाख तरुणांपर्यंत जाहिरात पोहोचविता येते असे फेसबुक सांगते, आणि जनगणनेप्रमाणे त्या वयाची माणसे देशात आहेत मात्र ३ कोटी १० लाख. जन्माला आलेल्यांपेक्षा एक कोटी अधिक तरुणांना जेवू घालणारी ही पंगत पाहून आपला जुना कारभारी नक्कीच सुखावला असता.

यावर उपाय म्हणून यंत्राऐवजी माणूसच ओळखावा, त्याचे सर्व संच, त्याची खरेदी, त्याचा येण्याजाण्याचा मार्ग एका खात्याखाली बांधावा, असे म्हणणारे निघाले. आणि येथे हा हिशेबाचा प्रश्न एकदम निराळ्याच प्रांतात शिरतो. वाढप्याला प्रत्येक चेहरा ठाऊक असतो, कारण तो त्याच गावचा असतो आणि गावालाही त्याचा चेहरा ठाऊक असतो. अनोळखी मनुष्य दारात वही घेऊन बसून आपल्या येण्याजाण्याची नोंद करू लागला, तर आपण त्याला वाढपी म्हणत नाही, दार लावून घेतो. लोकांनी तसेच केले: २०२० साली सफारी या ब्राउझरने परक्या संकेतस्थळांच्या कुकींना सरसकट दार बंद केले, आणि २०२३ साली आपल्या संसदेनेही व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. पोहोच जितकी अचूक हवी तितकी ओळख अधिक हवी, आणि ओळख जितकी अधिक तितका खाजगीपणाचा मोबदला मोठा. म्हणून पोहोचीचा आकडा हा अजमासच राहणार. आणि तो अजमास म्हणूनच सांगितला, कोणत्या नमुन्यावरून, कोणत्या सूत्राने आणि किती चुकीची सूट ठेवून काढला हे त्यासोबत नमूद केले, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आमच्या बाजूच्या काही गावांत अजूनही असा रिवाज आहे, की चुलीवरची भांडी उतरविण्यापूर्वी एकजण वाडीवाडीतून हाक घालीत जातो, कोणी जेवायचे राहिले आहे का. त्याच्या हातात वही नसते आणि कोण कितीदा जेवले हे तो विचारीत नाही. मात्र ओढा ओलांडून जाण्याचा आळस त्याने केला नाही, तर कारभाऱ्याच्या बाराशे पत्रावळींत ज्यांची नोंदच नव्हती, ती माणसे त्याला सापडतात.